ग्रीनॉकच्या तिघी बहिणी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कुणा एका कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यावी, हा आपला प्रघात. यंदा मी एका परकीय बाईंचे नाव निवडले आहे. त्या म्हणजे मार्गारेट विल्सन. मुंबईतील विल्सन कॉलेजचे नाव आपल्या परिचयाचे आहे. ज्या डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्यांच्या या पत्नी. परंतु एवढीच त्यांची ओळख सांगितली, तर त्यांच्यावर मोठा अन्याय होईल.

या बाईंचे चरित्र वाचू लागले तेव्हा मला त्यांच्या माहेरचा शोध घ्यावासा वाटला. आपल्याकडे लग्न झाले की मुलीचे आडनाव जाते, पुष्कळदा नावही बदलते, आणि दोन पिढ्यांनी आजीचे माहेर कोणते हे सांगणारेही कुणी उरत नाही. भाटाच्या चोपडीत बाप, आजा, पणजा सापडतात. आई सापडत नाही. या बाईही लग्नानंतर विल्सन या नावानेच ओळखल्या गेल्या. तेव्हा या बाईंचा माग काढायचा तर विल्सन हे नाव बाजूला ठेवून बेन या नावापाशी जावे लागते.

ग्रीनॉक हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लाइड नदीच्या मुखाशी वसलेले बंदर. डोंगराळ मुलखातून पोटापाण्यासाठी खाली उतरलेल्या लोकांची तेथे मोठी वस्ती होती. त्यांची बोली गेलिक. त्यांच्या प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक केनेथ बेन हे मार्गारेटचे वडील. आपल्या बारामतीत कविवर्य मोरोपंत 1794 मध्ये निवर्तले. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1795 मध्ये, ग्रीनॉक येथे मार्गारेटचा जन्म झाला. धर्मोपदेशकाच्या घरी धनदौलत नसली तरी ग्रंथ होते. मुलींनी वाचावे याला घरात आडकाठी नव्हती. विद्यापीठांची दारे त्या काळी तिकडेही स्त्रियांना बंद होती. तरीही मार्गारेटने पुढे ॲबर्डीन येथे राहून आपले शिक्षण वाढविले.

1828 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह जॉन विल्सन यांच्याशी झाला. वर वधूपेक्षा नऊ वर्षांनी लहान होता! लग्न होताच दोघांनी जहाज गाठले आणि 1829 च्या फेब्रुवारीत ती मुंबईस पोचली. मुंबईत शाळा काढण्याआधी हे जोडपे कोकणात हर्णै-बाणकोटकडे जाऊन राहिले, ते मराठी शिकण्यासाठी. तेहतीस वर्षांच्या बाईने नवी लिपी, नवे व्याकरण, नवे उच्चार यांची बाराखडीपासून सुरुवात केली. मला त्यांच्याविषयी प्रथम आदर वाटला तो यासाठी.

मुंबईस परतल्यावर थोड्याच काळात त्यांनी मुलींसाठी सहा शाळा उघडल्या. मुंबईतील मुलींच्या शाळांचा पहिला मान अमेरिकन मिशनकडे जातो. त्यांनी 1824 मध्येच आरंभ केला होता. पण म्हणून या कामाची अडचण कमी झाली नव्हती. मुलगी शिकली तर नवऱ्याच्या आयुष्यास धोका, अशी समजूत घरोघर होती. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन मुलगी शाळेतून जाई, आणि अक्षर वळणावर येण्याच्या आतच पाटी सुटे. शाळांची देखरेख, घरचा संसार, मिशनच्या मासिकासाठी लेखन, आणि पती महिनोन्महिने दौऱ्यावर असताना त्यांचेही काम, इतका भार या बाईंनी वाहिला. गावदेवी येथील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा 1832 ला आपला आरंभ मानते आणि त्याचे श्रेय मार्गारेटबाईंना देते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या बाई धर्मप्रसारासाठी आल्या होत्या आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. आपल्या पूर्वजांना त्यांचा संशय आला तर त्यात नवल नाही. त्यांचा हेतू आपल्याला मान्य नसेल. परंतु मुलीच्या हाती पाटी दिली, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतिराव फुल्यांनी 1848 मध्ये सावित्रीबाईंसह मुलींची शाळा काढली. दुसऱ्याकडून विद्या घ्यावी आणि मार्ग आपला आपण आखावा, हे त्या दोघांनी करून दाखविले.

मुंबईच्या हवेने बाईंची प्रकृती ढासळली. काही अपत्ये तान्हेपणीच गेली. 19 एप्रिल 1835 रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत देहावसान झाले. आपल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिडसाहेबांनी जमिनीची नवी पाहणी हाती घेतली ती याच सुमारास. शेत न् शेत मोजून खातेदारांची नावे लिहिली गेली. त्यांत बाईचे नाव क्वचितच.

आता बेन घराण्याची गोष्ट पुढे ऐका. थोरली बहीण गेल्याचे कळल्यावर ॲना आणि हे या दोघी बहिणी 1837 मध्ये मुंबईस आल्या आणि बहिणीच्या शाळा त्यांनी सांभाळल्या. ‘हे’ हे नाव आपल्या कानाला चमत्कारिक लागते. पण ते तिकडचे एक आडनाव आहे. घराण्यातील, बहुधा आजोळचे, आडनाव मुलांना नाव म्हणून ठेवण्याची स्कॉटिश चाल आहे. पुसले जाणारे माहेर अशा वाटेने थोडे टिकते! पुढे या धाकटीचे लग्न रॉबर्ट नेस्बिट यांच्याशी झाले. शुद्ध मराठी बोलण्याबद्दल या गृहस्थांची मोठी ख्याती होती. 1850 उजाडण्याआधीच दोघी बहिणी निवर्तल्या. एका माहेरच्या तिघी लेकी या कामी खर्ची पडल्या.

मार्गारेटबाईंचा मुलगा अँड्र्यू आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. तो पुढे वृत्तपत्रांचा संपादक आणि नामांकित प्रवासी झाला. हिमालयातील प्रवासावरचे त्याचे पुस्तक 1875 साली प्रसिद्ध झाले. ‘बर्फाचे घर’ असा त्याच्या नावाचा अर्थ, म्हणजे आपला हिमालय शब्दच त्याने आपल्या भाषेत नेला. त्याच वर्षी डिसेंबरात वडील जॉन विल्सन मुंबईत वारले. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचे चरित्र लिहून 1838 मध्ये छापविले होते, म्हणून तर आज आपल्याला एवढे तरी कळते. ज्यांचे चरित्र कुणी लिहिले नाही, अशा किती जणींची नावे विरून गेली असतील!

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचे नावही घालणे महाराष्ट्रात आवश्यक झाले आहे. हे चांगलेच झाले. पण त्यापूर्वीच्या आयांचे काय? ते काम सरकारचे नव्हे, आपले आहे. माझी प्रत्येक भगिनीस विनंती आहे की, घरात वडीलधारी बाई आहे तोवर तिच्याजवळ बसावे, तिचे, तिच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव व गाव विचारून एका वहीत लिहून ठेवावे. मंडळाच्या कपाटात अशा वह्यांना जागा निश्चित मिळेल.