खरी प्रतिष्ठा : कर्मवीर भाऊराव पाटील

समाजात प्रतिष्ठा बहुधा घराण्यावरून, जातीवरून व अंगावरील दागिन्यांवरून मोजली जाते. हे मोजमापच ज्यांनी बदलले, ते कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील हे जैन समाजाचे भूषण होत.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन पाटील घराण्यात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, अशी आज्ञा झाली. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आज्ञा नाकारली व त्यापायी बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा तुरुंगात छळ झाला; परंतु त्यांनी सत्य सोडले नाही.

१९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकाच पंक्तीस जेवू लागली. ज्या काळी अशा पंक्तीने घराण्याची अब्रू जाते असे मानले जाई, त्या काळची ही गोष्ट आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई या मुलांची आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडण्यास काढून दिले. पती हयात असता गळा मोकळा दिसणे म्हणजे केवढा लोकापवाद! तरीही मुलांच्या मुखातील घास त्यांना मोठा वाटला. १९३० साली ही माउली निवर्तली.

‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी शेतात राबून शिकले. फुकट मिळालेल्या अन्नाने मान खाली जाते, घामाच्या अन्नाने ती ताठ राहते, हा संस्कार त्यांच्यावर झाला. स्वतः भाऊराव साध्या खादीत व खांद्यावर घोंगडी टाकून वावरत. १९५९ साली पद्मभूषण किताब व पुणे विद्यापीठाची डी. लिट. पदवी त्यांच्याकडे चालत आली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

अपरिग्रहाचे व्रत आपण नित्य उच्चारतो. या दांपत्याने संपत्तीबरोबर लौकिकाचाही परिग्रह सोडला. रयतेच्या असंख्य शाळांतून आजही त्याची फळे मिळत आहेत.