अणुबॉम्बविरोधात रस्त्यावर बसलेला तत्त्वज्ञ

११ मे १९९८ रोजी बुद्ध पौर्णिमा होती. विहाराविहारांत त्रिसरण-पंचशील घेतले जात होते, वस्त्यांमध्ये खीरदान चालू होते आणि त्याच दुपारी पोखरणच्या वाळवंटात तीन अणुस्फोट करण्यात आले. त्याआधी १८ मे १९७४ रोजी याच पोखरणमध्ये पहिला अणुस्फोट झाला, तेव्हा तर त्याला चक्क बुद्धाच्या हास्याचे नाव जोडले गेले. ज्या तथागताने प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील सर्वप्रथम सांगितले, त्याचे नाव लाखो माणसे एका क्षणात जाळणाऱ्या अस्त्राला! याहून मोठी विटंबना कोणती? आणि या विटंबनेविरुद्ध आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावे.

आम्ही हा विषय सभांमधून काढतो तेव्हा आमचेच कार्यकर्ते विचारतात की, अणुबॉम्ब आणि अणुभट्टी हा आपला विषय आहे का? आपल्यापुढे अत्याचाराचे खटले आहेत, गायरान जमिनींचा प्रश्न आहे, शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे. बॉम्बविरोध हा पोट भरलेल्यांचा छंद. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आम्ही एका माणसाच्या आयुष्यातून देऊ इच्छितो. त्या माणसाचा जन्मदिवसही योगायोगाने १८ मे हाच आहे. त्याचे नाव बर्ट्रांड रसेल.

रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समधील ट्रेलेक येथे झाला. घराणे इंग्लंडमधील बड्या सरदारांपैकी. आजोबा लॉर्ड जॉन रसेल दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान होते. बर्ट्रांड चार वर्षांचा होण्यापूर्वीच आई आणि वडील दोघेही गेले. वडील नास्तिक विचारांचे होते. आपल्या मुलांना धर्माच्या जोखडाबाहेर वाढवावे म्हणून त्यांनी मृत्युपत्रात स्वतंत्र विचारांचे पालक नेमले होते. आजीआजोबांनी कोर्टातून ती व्यवस्था रद्द करून घेतली. ज्या मुलाला धर्माच्या शिस्तीत वाढविण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तोच पुढे मी ख्रिस्ती का नाही या विषयावर १९२७ साली जाहीर व्याख्यान देऊन मोकळा झाला. विचार कोर्टाच्या हुकुमाने बांधता येत नाही, हेच खरे!

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित आणि तत्त्वज्ञान शिकून रसेल यांनी व्हाइटहेड यांच्यासोबत प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका हा तीन खंडांचा ग्रंथ १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध केला. आधुनिक तर्कशास्त्र त्या ग्रंथाच्या पायावर उभे राहिले. एवढे केल्यावर विद्वानाने पदव्या आणि मानसन्मान गोळा करीत बसायचे असते. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि रसेल यांनी युद्धाला उघड विरोध केला. सक्तीची सैन्यभरती नाकारणाऱ्या तरुणांच्या बाजूने पत्रक लिहिल्याबद्दल १९१६ साली त्यांना १०० पौंड दंड झाला. त्यांच्याच ट्रिनिटी कॉलेजने त्यांना अध्यापनाच्या जागेवरून काढून टाकले. १९१८ साली युद्धविरोधी साप्ताहिकातील एका लेखाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ते लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात गेले.

येथे आम्हाला एक गोष्ट नोंदवायची आहे. तुरुंगात रसेल यांना पुस्तके मिळाली, लिहायची सवलत मिळाली, कारण ते सरदाराचे भाऊ होते आणि वरच्या वर्गाचे कैदी म्हणून त्यांना ठेवले गेले. त्याच युद्धाला विरोध करणारे साधे कामगार त्याच देशाच्या तुरुंगांत सक्तमजुरी करीत होते. वर्गाची पायरी तुरुंगातही सुटत नाही. आपल्या देशात जातीची पायरी सुटत नाही, तसेच.

याच १९१८ साली मुंबईत २७ वर्षांच्या एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले. ते इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आले. तो तरुण म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर! महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्याच खंडात हे परीक्षण आहे. आपल्या घरातल्या कपाटात तो खंड असतो, त्याला हारही घातला जातो, पण हे परीक्षण किती जणांनी वाचले?

बाबासाहेबांनी त्यात फार मोलाचा मुद्दा मांडला आहे. रसेल युद्धाच्या विरोधात आहेत म्हणून ते निष्क्रियतेचे पुरस्कर्ते आहेत, असा अर्थ भारतीय वाचक काढतील, हा धोका त्यांनी ओळखला. आपल्याकडे निवृत्तीचे आणि स्वस्थ बसण्याचे तत्त्वज्ञान आधीच बोकाळलेले. बाबासाहेबांनी बजावले की, माणसाची वाढ कृतीतून होते. शक्ती विधायक कामाला लावणे वेगळे आणि हिंसेसाठी उधळणे वेगळे. पैशाच्या मोहावर रसेल यांनी केलेली टीका मात्र त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. माणसाला पैसा कशासाठी हवा आहे, हे पाहिल्याशिवाय त्या मोहाला सरसकट दोष देता येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. थोरामोठ्यांची पुस्तके कशी वाचावीत, याचा हा धडाच आहे. पटेल ते घ्यावे, न पटेल ते कारणासह नाकारावे.

रसेल यांनाही आम्ही त्याच पद्धतीने वाचतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रसेल यांनी ब्रिटनच्या सरदारांच्या सभागृहात उभे राहून इशारा दिला की, हे बॉम्ब यापुढे अधिक स्वस्त आणि कित्येक पटींनी संहारक होत जातील. मात्र त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी एक चूकही केली. अण्वस्त्रांवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण स्वीकारण्यासाठी रशियाला युद्धाची धमकी द्यावी, असे ते त्या काळात सांगत होते. शांततेसाठी बॉम्बची भीती दाखवायची, हा तर बॉम्ब बनवणाऱ्यांचाच तर्क! पुढे रशियाकडेही बॉम्ब आला आणि रसेल यांनी ती भूमिका सोडली. माणूस थोर असतो तो चुकत नाही म्हणून नव्हे, चूक ध्यानात आल्यावर तिला कवटाळून बसत नाही म्हणून.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्याची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली. बोटीवरील २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांपैकी एक सहा महिन्यांनी दगावला. या कोळ्यांचे कोणाशी युद्ध होते? त्याच वर्षाच्या २३ डिसेंबरला रसेल बीबीसी रेडिओवरून बोलले. आपण ब्रिटिश म्हणून किंवा युरोपीय म्हणून बोलत नसून माणूस म्हणून बोलत आहोत, ही त्यांची भूमिका होती. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये रसेल-आइन्स्टाइन जाहीरनामा प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन यांनी मृत्यूपूर्वी काही दिवस त्यावर सही केली होती. त्यातूनच १९५७ साली कॅनडातील पगवॉश गावी शास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली. १९९५ साली या पगवॉश चळवळीला आणि तिचे एक संस्थापक जोसेफ रॉटब्लॅट यांना शांततेचे नोबेल मिळाले.

ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली. बॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणारी ही भट्टी. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध ओतून द्यावे लागले. शेजारीच कॅल्डर हॉल येथे १९५६ साली राणीच्या हस्ते मोठ्या थाटात अणुवीज केंद्राचे उद्घाटन झाले होते. त्या केंद्राचेही मुख्य काम बॉम्बसाठी प्लुटोनियम बनविणे हेच होते. वीज आणि बॉम्ब ही एकाच घरातली दोन भावंडे! आपल्या देशातही वेगळे घडले नाही. शांततेच्या कामासाठी म्हणून कॅनडाने दिलेल्या तुर्भे येथील सायरस अणुभट्टीतील प्लुटोनियमच १९७४ च्या स्फोटात वापरले गेले. रसेल यांचा लढा प्रामुख्याने अस्त्रांविरुद्ध होता, विजेविरुद्ध नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. परंतु हे नाते समजून घेतल्याशिवाय आज कोणाला पुढे जाता येणार नाही.

फेब्रुवारी १९५८ मध्ये लंडनमध्ये अण्वस्त्रविरोधी मोहीम सुरू झाली. रसेल तिचे अध्यक्ष आणि कॅनन कॉलिन्स हे धर्मगुरू कार्याध्यक्ष. त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीत हजारो माणसे लंडनहून ऑल्डरमास्टन येथील अण्वस्त्र संशोधन केंद्रापर्यंत ५२ मैल चालत गेली. जगभर शांततेची खूण म्हणून ओळखले जाणारे वर्तुळातील चिन्ह याच मोर्चासाठी तयार झाले. ऑक्टोबर १९६० मध्ये मजूर पक्षाच्या परिषदेत एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचा ठरावही मंजूर झाला. पण पक्षनेते गेट्स्केल यांनी तो मानला नाही आणि पुढच्याच वर्षी तो फिरविण्यात आला.

सनदशीर मार्गाने एवढे करून सरकार ढिम्म हलत नाही, वृत्तपत्रे लक्ष देत नाहीत आणि अस्त्रांचे सगळे निर्णय गुप्ततेच्या पडद्याआड होतात, हे पाहून रसेल यांनी अध्यक्षपद सोडले आणि कायदेभंग करणारी शंभर जणांची समिती उभी केली. कॉलिन्स यांना कायदेभंग मान्य नव्हता. चळवळ दुभंगली. १८ फेब्रुवारी १९६१ रोजी काही हजार माणसे लंडनच्या संरक्षण मंत्रालयाबाहेर रस्त्यावर बसली. त्यांत ८८ वर्षांचे रसेल होते.

सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांना बो स्ट्रीट कोर्टात उभे करण्यात आले. कायदा कोणता, तर १३६१ सालचा! सहाशे वर्षांपूर्वीचा. लोकांना शांतताभंगासाठी चिथावल्याचा ठपका. चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून द्या आणि घरी जा, असा पर्याय कोर्टाने ठेवला. रसेल आणि त्यांच्या पत्नी एडिथ यांनी हमी नाकारली. दोन महिन्यांची शिक्षा झाली, प्रकृतीच्या कारणाने ती एका आठवड्यावर आणली गेली. ४३ वर्षांनी, वयाच्या ८९ व्या वर्षी, हा नोबेल पारितोषिक विजेता पुन्हा त्याच ब्रिक्स्टन तुरुंगात गेला. ते तुरुंगात असतानाच १७ सप्टेंबरला ट्रॅफल्गार चौकात तेराशेहून अधिक निदर्शकांना अटक झाली.

वकील म्हणून आम्हाला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. आपल्या कार्यकर्त्यांना चॅप्टर केस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मोर्चा जाहीर झाला की, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ आणि १४९ च्या नोटिसा दारात येत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमांचे आकडे १२६ आणि १६८ झाले, नोटीस तीच राहिली. गुन्हा घडण्याआधीच चांगल्या वर्तणुकीची हमी मागायची, हे १३६१ च्या त्या इंग्रजी कायद्याचेच तर वळण आहे.

आता खरा अवघड प्रश्न. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी कायदेभंग आणि सत्याग्रहाचे मार्ग सोडून देण्यास सांगितले. मग आंबेडकरी माणसाने रसेल यांचे कौतुक कसे करावे? आम्ही हा प्रश्न टाळणार नाही. बाबासाहेबांनी त्या वेळी आपल्या म्हणण्याचे कारणही सांगितले होते. सनदशीर मार्ग खुले असतील, तेथे असनदशीर मार्गांना समर्थन नाही. म्हणजे कसोटी आहे ती मार्ग खुले असण्याची. ज्यांनी १९२७ साली महाडचे तळे खुले केले आणि १९३० साली काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह मांडला, त्यांना बंद दार म्हणजे काय ते पुरेपूर ठाऊक होते. म्हणून आमचे म्हणणे असे की, रसेल यांची नक्कल आपण करायची नाही. आधी अर्ज, हरकती, जनसुनावणी, कोर्ट, विधिमंडळ हे सगळे मार्ग वापरायचे. ही दारे बंद करण्याची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेऊ नये, एवढे मात्र ठणकावून सांगायचे.

दारे बंद होतात तेव्हा काय होते, ते आपल्या कोकणाने पाहिले आहे. जैतापूरच्या ९९०० मेगावॉटच्या प्रकल्पाविरोधात माडबन, साखरी नाटे येथील शेतकरी आणि मच्छीमार उभे राहिले. जमावबंदी आली, अटका झाल्या आणि १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. फुकुशिमाच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. झारखंडच्या जादूगुड्यात १९६० च्या दशकापासून युरेनियम खणले जाते ते आदिवासींच्या जमिनीतून. बिकिनीला कोळी, जैतापूरला कोळी, जादूगुड्याला आदिवासी. आणि तरीही आम्ही म्हणायचे की, हा आपला विषय नाही?

रसेल तुरुंगातून सुटल्यावरही थांबले नाहीत. १९६२ च्या क्यूबा संकटात त्यांनी दोन्ही महासत्तांच्या प्रमुखांना तारा केल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो एकट्या रसेल यांच्यामुळे झाला नाही, पण रस्त्यावर बसलेल्या माणसांशिवायही झाला नसता, असे आम्हाला वाटते. नव्वदी उलटल्यावर त्यांनी व्हिएतनाममधील अमेरिकेच्या युद्धगुन्ह्यांची चौकशी करणारे लोकन्यायालय उभे केले. २ फेब्रुवारी १९७० रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला कोणताही धार्मिक विधी नव्हता.

दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला आपण पंचशील ग्रहण करतो. येत्या बुद्ध पौर्णिमेला प्रत्येक विहारात एक साधा ठराव घ्यावा, अशी आमची विनंती आहे. तथागताचे नाव बॉम्बला जोडल्याचा निषेध, अण्वस्त्रमुक्त जगाची मागणी आणि अणुप्रकल्पांनी उठवलेल्या गावांना पाठिंबा, एवढ्या तीन ओळी. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. बाबासाहेबांनी २७ व्या वर्षी ज्या माणसाचे पुस्तक गांभीर्याने वाचले, त्या माणसाने ८९ व्या वर्षी तुरुंग पत्करला. आपल्याला तर फक्त एक अर्ज लिहायचा आहे.

जयभीम!