नाथमाधवांचे स्वराज्य

मराठी कादंबरीच्या इतिहासग्रंथांत नाथमाधवांच्या वाट्याला सहसा दोन-चार ओळी येतात. हरिभाऊ आपट्यांच्या पाठोपाठ आलेले एक लोकप्रिय, रंजनप्रधान लेखक एवढी नोंद करून समीक्षक पुढे सरकतो. नोंद खोटी नाही. परंतु साहित्याचा व्यवसाय करण्याचे ज्याच्या मनातही नव्हते, अशा एका कामगाराने अंथरुणावर पडल्या पडल्या लढायांच्या कथा रचाव्यात आणि दोन पिढ्यांनी त्या आवडीने वाचाव्यात, ही घटना दोन ओळींत आटोपण्याजोगी खास नव्हे.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावातील अखेरचा शब्द आणि वडिलांचे नाव जोडून त्यांनी टोपणनाव घेतले. जन्म 1882 चा, मुंबईचा. शालेय शिक्षण बेताचेच झाले. पुढे कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी लागली. शिकारीचा नाद होता. त्या नादातच 1905 च्या सुमारास ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वय अवघे तेविशीचे.

ज्या गडाच्या कड्यावरून 1670 साली तानाजीचे मावळे वर चढले, तेथूनच हा तरुण खाली आला. हरिभाऊंनी त्या प्रसंगावर लिहिलेली कादंबरी तेव्हा ताजी होती. अंथरुणाला खिळलेल्या पितळ्यांनी प्रथम वाचनाचा आश्रय घेतला आणि वाचनातून लेखणी हाती आली. 1908 साली ‘प्रेमवेडा’ प्रसिद्ध झाली. ‘सावळ्या तांडेल’, ‘वीरधवल’, ‘डॉक्टर’ या कादंबऱ्या पुढील काळातल्या. त्यांपैकी ‘वीरधवल’ने वाचकांना वेड लावले; परंतु तिची मोहिनी अद्भुताची होती, वास्तवाची नव्हे.

खरी मोलाची आहे ती विसाच्या दशकातील स्वराज्यविषयक कादंबऱ्यांची माला. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्याची घटना’, ‘स्वराज्यातील दुफळी’ ही नुसती नावेच पाहावीत. त्यांत एकाही लढाईचे नाव नाही, एकाही गडाचे नाही. युद्धकथा लिहावयास बसलेला हा लेखक आपल्या ग्रंथांना कारभार आणि घटना अशी नावे देतो. लढाई ही राज्य उभारण्याच्या उद्योगातील एक बाब आहे, हे भान त्या नावांत दिसते. असहकाराच्या त्या दिवसांत स्वराज्य हा शब्द सभा-मिरवणुकांत दुमदुमत होता. त्याचा अर्थ मात्र अनेकांना धूसरच होता.

शिवकालीन युद्धाचे वास्तव तरी कशात होते? प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. तलवार हवालदाराची खरी. पण धान्याची कोठारे आणि दारूगोळा यांचा हिशेब कारखानिसाकडे असे, आणि तो चुकला तर शौर्य काय कामाचे? 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले आणि 4 लक्ष होनांचा मुलूख गेला. उरले 12 किल्ले व 1 लक्ष होनांचा मुलूख. पराभवाचे माप रक्तात नव्हे, महसुलात मोजले गेले. हे वास्तव नाथमाधवांनी पुरतेपणी पकडले असे म्हणता येणार नाही. कल्पित पात्रांची प्रेमप्रकरणे, योगायोग आणि रहस्ये यांचा सोस त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही, आणि त्यापायी कारभाराची रुक्ष बाजू वारंवार मागे पडते. समीक्षकांचा आक्षेप येथे मान्य करावाच लागतो.

मात्र वाचक कोण होता, याचाही विचार व्हावयास हवा. राजवाडे आणि त्यांचे सहकारी जुनी कागदपत्रे प्रकाशात आणीत होते, पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले होते; पण ते कागद व्हर्नाक्युलर फायनल होऊन कारकुनी पत्करलेल्या माणसाच्या हाती पडत नव्हते. वाचनालयाची वर्गणी भरून तो घरी आणी ती कादंबरी. राज्य स्थापावे लागते, चालवावे लागते आणि दुफळीने ते मोडूही शकते, हा क्रम त्याला तिच्यातून भेटला. तो सांगणाऱ्याचे स्वतःचे शिक्षणही त्याच्याइतकेच जेमतेम होते.

जवळजवळ तेवीस वर्षे नाथमाधव त्या स्थितीत जगले आणि लिहीत राहिले. 1928 साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.