तार, तोल आणि मन

‘तारेवरची कसरत’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे, की अर्थसंकल्प मांडणाऱ्या मंत्र्यापासून नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या गृहिणीपर्यंत तो कुणालाही लागू पडतो. कार्ल वॉलेंडाच्या बाबतीत मात्र त्यात अलंकाराचा भाग नव्हता. जवळजवळ सारे आयुष्य त्याने बोटभर जाडीच्या पोलादी तारेवर काढले आणि २२ मार्च १९७८ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, तारेवरून पडूनच त्याचा अंत झाला. त्यानंतर त्याचे नाव सर्कशीच्या तंबूतून निघून व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत आणि खेळाडूंच्या प्रशिक्षणवर्गांत जाऊन पोहोचले. जो पडण्याचा विचार करतो तो पडतो, याचे उदाहरण म्हणून! परंतु त्याचे आयुष्य नीट पाहिले, तर हे उदाहरण अर्धेच खरे असल्याचे ध्यानात येते.

कार्लचा जन्म २१ जानेवारी १९०५ रोजी जर्मनीतील माग्देबुर्ग येथे झाला. घराणे फिरत्या कसरतपटूंचे. वयाच्या सहाव्या वर्षीच तो लोकांसमोर कसरती करू लागला. पहिल्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत हातांवर उभा राहू शकणारा माणूस हवा, अशी जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. जाहिरात देणारा कलावंत लुई वाइट्समन याने त्याला उंच तारेवर नेले आणि तारेच्या मध्यावर आपल्या खांद्यांवर हातांच्या आधारे उलटे उभे राहायला लावले. जमिनीवरची विद्या तीच होती. खालची जमीन तेवढी दूर गेली होती. त्या दिवसापासून कार्ल तारेचा झाला.

१९२२ मध्ये त्याने थोरला भाऊ हर्मन आणि जोसेफ गायगर यांच्यासह स्वतःचा संच उभारला. हेलन क्राइस ही किशोरवयीन मुलगी त्यात सामील झाली. पुढे ती कार्लची पत्नी झाली. क्युबातील त्यांचे खेळ पाहून जॉन रिंगलिंगने त्यांना आपल्या सर्कशीत घेतले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला खेळ होता, पण प्रवासात सुरक्षेची जाळी गहाळ झाली होती. जाळीविनाच खेळ झाला आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे जाळीविना खेळ हीच वॉलेंडा घराण्याची ओळख बनली.

तारेवर माणूस उभा राहतो, तेव्हा शरीरात काय घडते? कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या हालचालीची खबर देतात, डोळे समोरच्या स्थिर बिंदूवर खिळलेले असतात, तळपाय आणि घोट्याचे सांधे तारेचा प्रत्येक कंप टिपतात. या साऱ्या खबरांचा मेळ लहान मेंदू घालतो आणि तोल जाण्याआधीच सावरण्याचा हुकूम सुटतो. हातातील लांब काठी कलण्याचा वेग मंदावते आणि सावरण्यास क्षणभर अधिक मिळतो. पण भीती वाटू लागली, की घोटे ताठरतात आणि लहान लहान, सैल दुरुस्त्या अवघड होतात. तारेवर तर त्यांचीच गरज असते.

येथेच मनाचा संबंध येतो. केवळ हात वाकवण्याची कल्पना केली तरी त्या स्नायूंत सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ एडमंड जेकबसन याने १९३०च्या दशकात नोंदवले. पुढे मेंदूच्या चित्रणातून दिसले, की हालचाल करताना आणि तिची मनात तालीम करताना मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात. जिम्नॅस्ट, स्कीपटू, सूर मारणारे जलतरणपटू स्पर्धेपूर्वी डोळे मिटून आपली कसरत मनात पार पाडतात ती याचसाठी. ही तालीम उलट दिशेनेही चालते. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मनावर दुसरा भार असताना, चेंडू खड्ड्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही असे बजावलेल्यांकडून तो नेमका पलीकडे गेला. जे टाळायचे, तेच मनात घोळले.

कार्लला मनात घोळवण्याजोगे पुष्कळ होते. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड येथे सर्कशीच्या तंबूला आग लागली, तेव्हा वॉलेंडा मंडळी तारेवर होती. ती दोरांवरून घसरत खाली उतरली आणि वाचली. १६०हून अधिक लोक मात्र दगावले. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्लने सात जणांचा मनोरा रचला. तारेवर चौघे, त्यांच्या खांद्यांवरील दांड्यांवर दोघे आणि सर्वांत वर खुर्चीवर एक तरुणी. हा मनोरा वर्षानुवर्षे निर्विघ्न पार पडला. ३० जानेवारी १९६२ रोजी डेट्रॉइटमध्ये सर्वांत पुढचा तरुण, कार्लचा पुतण्या डीटर शेप, याच्या हातून काठी निसटू लागली आणि सारा डोलारा कोसळला. डीटर आणि कार्लचा जावई रिचर्ड फॉनन मृत्युमुखी पडले. दत्तक पुत्र मारियो कमरेखाली कायमचा लुळा झाला. दुसऱ्या थरावरचा कार्ल तारेवर आदळला, तरी त्याने तार सोडली नाही आणि डीटरची बहीण याना हिला धरून ठेवले. दुसऱ्याच दिवशी उरलेले वॉलेंडा पुन्हा तारेवर चढले.

१९६३ मध्ये हेलनची बहीण रिएटा पडून गेली. १९७२ मध्ये दुसरा जावई खेळाची उभारणी करताना विजेच्या जिवंत तारेला हात लागून मरण पावला. कार्ल थांबला नाही. १८ जुलै १९७० रोजी, वयाच्या ६५व्या वर्षी, त्याने जॉर्जियातील टलुला घळ ओलांडली. खाली सुमारे ७५० फूट खोल दरी होती आणि वाटेत तो दोनदा डोक्यावर उभा राहिला. अशा धारिष्ट्यामागे मनाची केवढी शिस्त असेल, याची कल्पनाच करावी.

मग सान हुआन आले. प्वेर्तो रिकोतील या शहरात सर्कशीच्या प्रसिद्धीसाठी दोन उंच इमारतींमध्ये, १२१ फुटांवर तार बांधली होती. वारा ताशी ३० मैलांहून अधिक वेगाने वाहत होता. मध्याच्या पुढे कार्ल डळमळला, तारेवर बसण्याचा त्याने प्रयत्न केला, हाताने तार धरू पाहिली. पण पकड सुटली. चित्रीकरण चालू होते, त्यामुळे ते दृश्य जगाने पाहिले.

हेलनने नंतर सांगितले, की आधीचे तीन महिने कार्लच्या मनात केवळ पडण्याचाच विचार होता; पूर्वी असे कधी घडले नव्हते. एवढेच नव्हे, तर तार बांधली जात असताना तो स्वतः जातीने देखरेख करीत होता. वॉरन बेनिस आणि बर्ट नॅनस यांनी १९८५ मध्ये नेतृत्वावरील पुस्तकात ही हकीकत घेतली आणि अपयशाच्या धास्तीला ‘वॉलेंडा घटक’ असे नावच पडले.

मात्र वॉलेंडा कुटुंबाचा निष्कर्ष वेगळा होता. तार दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे आधारदोर नीट जोडलेले नव्हते, म्हणून वाऱ्यात तार हेलकावली, असे त्यांचे म्हणणे. ते ग्राह्य धरले, तर कार्लची काळजी निराधार नव्हती. अनुभवी कसरतपटूच्या मनाला लागलेली हुरहुर आणि निव्वळ भय यांतली सीमारेषा बाहेरून आखणे कठीण. भीतीने त्याचे घोटे ताठरलेही असतील. पण सैल तार कोणत्याही मानसिक तालमीने घट्ट होत नाही. पडलेल्या माणसाच्या मनावर सारा दोष टाकणे सोयीचे असते, कारण मग दोरांचा हिशेब द्यावा लागत नाही.

हा हिशेब त्याच्या वंशजांनी चुकता केला. ४ जून २०११ रोजी पणतू निक वॉलेंडा आणि त्याची आई डेलाइला, म्हणजे कार्लची नात, यांनी सान हुआनमध्ये तोच मार्ग तारेवरून पार केला. पुढच्याच वर्षी, १५ जून २०१२ रोजी, निकने नायगारा धबधबा ओलांडला. त्यासाठी त्याने कृत्रिम वारा आणि तुषार सोडून सराव केला होता. मनातली तालीम आणि जमिनीवरची तपासणी, दोन्ही. कार्ल वॉलेंडाच्या आयुष्यातून खेळाडूंनी काही घ्यायचे असेल, तर ते हे आहे. मन पायांना वाट दाखवते. पाय ठेवायला तार मात्र पक्कीच लागते.