गवतांची ओळख पटवून देणारे फादर ब्लाटर

कंधार : उन्हाळ्याच्या अखेरीस कंधारच्या भुईकोट किल्ल्याभोवतालचे माळरान करपून जाते. क्रीडांगणे उघडी पडतात आणि लाल कंधारी गुरांच्या चाऱ्याची चिंता सुरू होते. उजाड जमिनीवर हिरवळ पुन्हा कशी आणावी, हा प्रश्न येथील गायरानांना जसा भेडसावतो, तसाच महानगरांतील गोल्फच्या मैदानांनाही. त्याचे उत्तर कोणते गवत लावावे, येथूनच सुरू होते. पश्चिम भारतातील गवतांची शास्त्रीय ओळख पटवून देणारे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांचे निधनही ऐन उन्हाळ्यात, २६ मे १९३४ रोजी पुण्यात झाले.

स्वित्झर्लंडमध्ये १५ डिसेंबर १८७७ रोजी जन्मलेले ब्लाटर येशूसंघाचे धर्मगुरू झाले आणि १९०३ मध्ये मुंबईत आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले. १९१९ ते १९२४ या काळात ते तेथे प्राचार्य होते. एडनपासून काश्मीरपर्यंतच्या वनस्पतींवर त्यांनी लेखन केले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषविले. महाविद्यालयातील वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

गवतांचा अभ्यास म्हणजे चिकाटीची परीक्षा. फुले इतकी बारीक, की भिंगाखेरीज एक जात दुसरीहून वेगळी करता येत नाही. चार्ल्स मॅक्कॅन यांच्या सोबतीने ब्लाटर यांनी मुंबई इलाख्यातील गवतांची वर्णने सिद्ध केली. ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापील स्वरूपात पाहण्यासाठी ब्लाटर मात्र हयात नव्हते.

या ओळखीचे मोल उन्हाळ्यात कळते. थंड प्रदेशांतील मैदानांवर पेरले जाणारे राय किंवा फेस्क्यू गवत दख्खनच्या उन्हात तग धरत नाही. ‘बर्म्युडा’ या नावाने विकले जाणारे बी मात्र आपल्या हरळीचेच. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वाही तीच. तिला ऊब मानवते. उखडलेली जागा भुसभुशीत करून बी वरच्यावर पेरावे, त्यावर मातीचा पातळ थर द्यावा आणि अंकुर येईपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा हलके पाणी शिंपडावे. कोंब दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. मुळे धरेपर्यंत तेथे खेळ बंद ठेवावा लागतो. पाण्याची सोय नसेल, तर पहिल्या पावसानंतर हरळीच्या काड्या लावणेच शहाणपणाचे.

शेतकरी मात्र हीच हरळी कुंद्याबरोबर शेतातून खणून काढतो, कारण मुळाचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. शेतात वैरी ठरणारा हा चिवटपणा मैदानावर आणि गायरानावर उपयोगी पडतो. गवताचे नाव आणि स्वभाव ठाऊक असला, तरच हा भेद करता येतो.

ब्लाटर यांच्या काळी कंधार निजामाच्या राज्यात होते; त्यांच्या ग्रंथाची हद्द मुंबई इलाख्याची. गवताला ही सीमा ठाऊक नव्हती. त्या ग्रंथातील हरळी, कुसळी आणि मारवेल मराठवाड्याच्या माळावरही उगवतात. हे माळ नांगराखाली आणि इमारतींखाली जात असताना ब्लाटर यांचे स्मरण करायचे, तर निदान पायाखालच्या गवताचे नाव जाणून घ्यायला हवे.