जे. आर. डी. टाटा : गणवेश, शिस्त आणि तोंडावर सांगायची गोष्ट



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला वैमानिक घडवणारी संस्था उभारणार असल्याचं एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केलं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवण्याची मागणी तर कित्येक वर्षांची आहे. म्हणजे उद्या आपल्या वऱ्हाडातली पोरं-पोरी वैमानिक होतील, केबिन क्रूचा गणवेश घालतील. म्हणून आज आपण अशा माणसाचं चरित्र पाहू, ज्याने भारतात विमानसेवा सुरू केली आणि तिथे काम करणाऱ्यांनी कसं वागावं, कसं दिसावं, एकमेकांशी कसं बोलावं, याचाही पाया घातला. ते म्हणजे भारतरत्न जे. आर. डी. टाटा.

जन्म आणि विमानाचं वेड

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. घरचे त्यांना 'जेह' म्हणत. लहानपणी फ्रान्समध्ये त्यांनी विमानं जवळून पाहिली आणि तेव्हाच आपणही उडायचं हे मनाशी पक्कं केलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता.

त्याच वर्षी आगाखान यांनी भारत ते इंग्लंड एकट्याने उडण्याची स्पर्धा जाहीर केली. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा तरुण इंग्लंडहून इकडे येत होता. इजिप्तमधल्या अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्यामुळे अस्पींचं विमान अडकून पडलं होतं. जेआरडींजवळ जादा प्लग होता, तो त्यांनी देऊन टाकला. अस्पी काही तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पर्धा हातची गेली, पण आकाशात अडलेल्या माणसाला सोडून पुढे जायचं नसतं, ही व्यवसायाची रीत जेआरडींनी वयाच्या पंचविशीतच पाळली.

पहिलं उड्डाण

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी कराचीहून 'पुस मॉथ' जातीचं एक छोटं विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघालं. चालवत होते स्वतः जेआरडी. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचं होतं. पेट्रोलचे डबे तिथे कशात आणले असतील? बैलगाडीत! आपण जिला बंडी म्हणतो, तिच्यात. दुपारी विमान मुंबईच्या जुहूला उतरलं. तिथून नेव्हिल विन्सेंट हे वैमानिक टपाल घेऊन मद्रासकडे गेले. अशी भारताची विमानसेवा सुरू झाली. १९४६ साली तिचं नाव 'एअर इंडिया' झालं आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना हा निर्णय पटला नव्हता. आपली नाराजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना सरळ कळवली, इकडे-तिकडे कुरकुर करत बसले नाहीत. आणि सरकारने अध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा ते रागाने नाकारलंही नाही. पुढची जवळपास पंचवीस वर्षं त्यांनी हे काम पगार न घेता केलं.

बारीक नजर

जेआरडी स्वतःच्या कंपनीच्या विमानातून प्रवास करत तेव्हा त्यांच्याजवळ कागद-पेन असे. प्रवास संपला की कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे टिपण जाई. चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो? खुर्ची नीट मागे का जात नाही? काही तरुण कर्मचाऱ्यांचे कल्ले नियमापेक्षा लांब आहेत, कोणाच्या मिशा ओठांवरून खाली लोंबतात, काही हवाई सुंदरींचे अंबाडे फारच मोठे झालेत, हेसुद्धा त्यात असे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या माणसाने अंबाड्याकडे कशाला बघावं? बरोबर आहे प्रश्न. पण विचार करा. प्रवाशाला इंजिन दिसत नाही, वैमानिकही दिसत नाही. त्याला दिसतो तो समोर उभा असलेला, गणवेशातला माणूस. तो नीटनेटका असेल, तर न दिसणारं कामही नीट चाललं असेल, असा भरवसा प्रवाशाला वाटतो. सुरुवातीला एअर इंडियाच्या हवाई सुंदरी कोट-स्कर्ट आणि टोपी घालत, पुढे साडी आली. कपडा बदलला, तरी त्यामागचा भरवसा तोच राहिला.

आता महत्त्वाची गोष्ट. कल्ले कापा, अंबाडा लहान करा, हे दुसऱ्याला सांगणं फार अवघड असतं. सांगणाराही अवघडतो आणि ऐकणाऱ्याला अपमान वाटतो. जेआरडींची पद्धत बघा. चूक नेमकी लिहायची, ज्याच्याकडे ती सुधारण्याचं काम आहे त्यालाच कळवायची आणि चांगलं दिसलं तर तेही लिहायचं. आणि आधी स्वतः करायचं! एकदा कंपनीच्या काउंटरवर धूळ दिसली, तर त्यांनी कोणाला रागावण्याऐवजी फडकं मागून स्वतः पुसायला घेतलं. विमानातल्या स्वच्छतागृहातला कागद ते स्वतः नीट लावून येत, असाही किस्सा सांगितला जातो. अध्यक्षच फडकं हातात घेतो म्हटल्यावर बाकीच्यांना वेगळं काय सांगायचं?

नियमाची दुसरी बाजू

पण सगळीच शिस्त न्यायाची नसते, हेही समजून घ्या. त्या काळात हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्या, तरी नोकरी जाई. पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र असा नियम नव्हता. हे नियम जेआरडी अध्यक्ष असतानाच्या काळातलेच. शेवटी नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणामुळे नोकरी घालवणारा नियम रद्द केला. लग्नाची चार वर्षांची अट मात्र तेव्हा तशीच राहिली. अंबाडा किती मोठा असावा हे कंपनी ठरवू शकते, पण बाईने आई व्हावं की नाही हे कंपनीने ठरवायचं नसतं. हे सांगायला त्या महिलांना न्यायालयापर्यंत जावं लागलं.

न सांगितलेली गोष्ट

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान समुद्रात कोसळलं आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिनाभरात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. ही बातमी त्यांना आधी सरकारकडून नाही, तर त्यांच्या जागी नेमलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून कळली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याने ही सेवा सुरू केली, त्याला समोर बसवून दोन शब्द सांगायचं कोणाला जमलं नाही. चहाच्या रंगाबद्दलही ज्याच्या त्याला कळवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं. पद गेल्याचं दुःख होतंच, पण ज्या रीतीने ते गेलं ती जास्त लागली.

तरी विमानाशी त्यांचं नातं तुटलं नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी जुन्या बनावटीचं छोटं विमान पुन्हा कराचीहून मुंबईला आणलं. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचं निधन झालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, उद्या तुम्ही विमानात काम करा, एस.टी.त करा, दवाखान्यात करा नाहीतर बँकेत. गणवेश स्वच्छ ठेवा, कारण तो बघून लोक तुमच्यावर विश्वास टाकतात. सोबत्याचं काही चुकलं, तर चारचौघांत हसू नका आणि पाठीमागे बोलू नका. बाजूला घ्या, नेमकं सांगा, थोडक्यात सांगा. सांगायच्या आधी आपली कॉलर तपासा. आणि एखादा नियमच चुकीचा वाटला, तर तेही योग्य ठिकाणी सांगायला घाबरू नका.

स्वाध्याय

१. स्पर्धेत असूनही जेआरडींनी अस्पी इंजिनियर यांना मदत का केली असावी?
२. गणवेशाबाबतचा योग्य नियम आणि अन्यायाचा नियम यांतला फरक पाठातील उदाहरणांवरून सांगा.
३. तुमच्या मित्राचा गणवेश रोज मळलेला असतो. त्याला न दुखावता कसं सांगाल? पाच-सहा वाक्यांत संवाद लिहा.