फिलिप ड्रिंकर आणि लोखंडी फुप्फुस

पोलिओ म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कुबड्या आणि कॅलिपर येतात. परंतु या रोगाचे सर्वांत भयानक रूप पायांत नव्हे, तर श्वासात होते. पोलिओचा विषाणू फुप्फुसांना इजा करीत नाही. तो स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट करतो. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू लुळे पडले, की निरोगी फुप्फुसेही निरुपयोगी होतात आणि रोगी पूर्ण शुद्धीवर असताना गुदमरू लागतो. या अवस्थेवर पहिला व्यवहार्य उपाय शोधणारे फिलिप ड्रिंकर वैद्य नव्हते, अभियंता होते.

ड्रिंकर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅव्हरफर्ड येथे झाला. घराणे विद्याव्यासंगी होते. वडील लीहाय विद्यापीठाचे अध्यक्ष होते, बंधू सेसिल शरीरक्रियाशास्त्रज्ञ, तर भगिनी कॅथरीन पुढे चरित्रलेखिका म्हणून नावारूपाला आल्या. प्रिन्स्टन येथे पदवी घेऊन फिलिप यांनी लीहायमध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि काही वर्षांनी ते हार्वर्ड विद्यापीठात औद्योगिक आरोग्य हा विषय शिकवू लागले. कारखान्यातील धूळ, धूर, खेळती हवा हे त्यांचे अभ्यासविषय होते.

विजेचा धक्का बसलेल्या किंवा वायूने गुदमरलेल्या माणसाचा श्वास दीर्घकाळ कसा चालू ठेवता येईल, या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या एका गॅस कंपनीच्या अर्थसाहाय्याने संशोधन चालू होते. हार्वर्डमध्ये लुई शॉ हे मांजराला धातूच्या बंद पेटीत ठेवून, केवळ डोके बाहेर राहील अशी योजना करून, त्याच्या श्वासाचे मापन करीत. छाती फुगली की पेटीतील हवेचा दाब वाढे, आकसली की कमी होई. ड्रिंकर यांना यातील उलटा संबंध दिसला. श्वासामुळे पेटीतील दाब बदलत असेल, तर पेटीतील दाब बदलून श्वास घडवता येणार नाही काय? औषधाने स्नायू लुळे केलेल्या मांजराच्या पेटीत त्यांनी पिचकारीने हवा आत-बाहेर केली. मांजर जगले.

त्यानंतर माणूस मावेल एवढी पत्र्याची टाकी तयार झाली. रोग्याला आत निजवायचे, मानेभोवती रबराची घट्ट पट्टी बसवायची आणि डोके बाहेर ठेवायचे. व्हॅक्यूम क्लीनरच्या पंपांनी आतील हवा ओढली, की छाती वर उचलली जाऊन नाकातोंडातून हवा फुप्फुसांत शिरे; दाब पूर्ववत झाला, की ती बाहेर पडे. ड्रिंकर स्वतः त्या टाकीत निजले आणि यंत्राला आपला श्वास चालवू दिला.

१२ ऑक्टोबर १९२८ रोजी बोस्टनच्या बालरुग्णालयात आठ वर्षांच्या एका मुलीला यंत्रात ठेवण्यात आले. प्राणवायूअभावी ती बेशुद्ध झाली होती. यंत्र सुरू होताच थोड्याच वेळात ती शुद्धीवर आली. मात्र काही दिवसांनी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. पुढील वर्षी हार्वर्डचा एक विद्यार्थी याच यंत्राच्या साहाय्याने वाचला आणि लोखंडी फुप्फुस सर्वत्र पोहोचू लागले.

कीर्तीबरोबर एक अप्रिय प्रकरणही आले. १९३१ मध्ये जॉन एमर्सन यांनी अधिक स्वस्त आणि कमी आवाजाचे यंत्र बनवले. ड्रिंकर व हार्वर्ड यांच्या बाजूने पेटंटभंगाचा दावा दाखल झाला. एमर्सन यांनी या यंत्रामागील कल्पना एकोणिसाव्या शतकापासूनच ज्ञात असल्याचे दाखवून दिले आणि ड्रिंकर यांचे पेटंट रद्द झाले. साथीच्या काळात स्वस्त यंत्र रुग्णालयांना मिळाले, हे रोग्यांच्या दृष्टीने इष्टच झाले, असे म्हणावे लागते.

यंत्राला मर्यादाही होती. ज्यांची गिळण्याची शक्ती गेली असे, त्यांच्या श्वासनलिकेत लाळ ओढली जाई. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या साथीत श्वास व गिळणे बाधित झालेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेथील भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले, की रोग्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत आहे. त्यांनी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली व रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

दुसऱ्या महायुद्धकाळात ड्रिंकर जहाजबांधणी कामगारांच्या आरोग्याचे सल्लागार होते. अॅस्बेस्टॉसचे आवरण चढवणाऱ्या १०७४ कामगारांच्या तपासणीचा त्यांच्या सहभागाने झालेला अहवाल १९४६ मध्ये निघाला. केवळ तिघांना फुप्फुसविकार आढळल्याने हे काम तुलनेने सुरक्षित ठरवण्यात आले. ते तिघेही वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेले होते. इतर बहुतेकांना दहा वर्षेही झाली नव्हती. हा विकार दिसून येण्यास लागणारा काळच तपासणीत जमेस धरला गेला नाही. श्वासाचा एवढा जाणकार येथे चुकला, ही बाब चरित्रकाराने झाकू नये.

१९७२ मध्ये ड्रिंकर यांचे निधन झाले. त्यांच्या यंत्रातून बाहेर पडलेले अनेक रोगी तेव्हा संसार आणि नोकऱ्या करीत होते. पोलिओतून वाचलेल्या स्नायूंनी वर्षानुवर्षे दुप्पट भार वाहिलेला असतो. तीस-चाळीस वर्षांनी ते थकू लागतात, हे वैद्यकाच्या ध्यानात ठळकपणे आले ते त्यानंतरच्या दशकात. कण्याला बाक असेल, तर छाती आणखी आखडते. खोकल्याचा जोर कमी झाल्याने साधी सर्दीही छातीत उतरते. प्रथम बिघडतो तो झोपेतील श्वास. सकाळी डोके जड होणे, रात्री वारंवार जाग येणे, दिवसा पेंग येणे, उताणे निजल्यावर दम लागणे, ही त्याची लक्षणे असून ती सहसा वयाच्या खाती टाकली जातात. अशा वेळी केवळ प्राणवायू देणे घातकही ठरू शकते, कारण त्याने साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. उलट श्वासाची प्रेरणा मंदावण्याचा धोका असतो. गरज असते ती थकलेल्या स्नायूंचे काम हलके करण्याची. आता ते काम उशाशी ठेवता येईल एवढे छोटे यंत्र आणि नाकावरचा मुखवटा करतात. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. परंतु त्यापूर्वी हा आजार झालेली कितीतरी माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत.